कडी नसलेल्या घरातलं रेकॉर्डिंग

प्रिय शिवामामा,

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "वर्षे, कॉम्प्युटर तर आणलाय, आता गिटार त्याच्यात घालू कशी? लई महागातलं सांगू नको." मी तोंड उघडेस्तोवर मागच्या पोरीनं पाठीत बोट खुपसलं आणि रेक्टर मॅडमनी मोबाईल काढून घेतला. लातूरच्या या हॉस्टेलात आमचे फोन मॅडमच्या कपाटात असतात, आठवड्यातून एकदाच हातात येतात. म्हणून हे पत्र. समोर बॉटनीचं पुस्तक उघडं ठेवलंय आणि त्याच्या आड लिहून राहिले.

दुकानदार काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. काका, मोठा कंडेन्सर माईक घ्या, एकदम स्टुडिओसारखा आवाज! अजिबात घेऊ नका. त्या माईकला सगळंच ऐकू येतं. गिटार तर येईलच, पण गुणामामीचा कुकर, भाजीवाला, समोरची पिठाची गिरणी, सगळे येऊन बसतील. त्याला बंद खोली लागते मामा, आणि तुमच्या घरात ती कुठून आणायची? सगळ्या दारांच्या कड्या तुम्ही स्वतः उचकटून भंगारात घातल्यात. मामी बिचारी अजून न्हाणीच्या दाराला आतून बादली लावते आणि कुणी येऊ नये म्हणून अंघोळभर मोठमोठ्यानं भजन म्हणते. लहानपणी मला त्याचं लई हसू यायचं. किल्लारीत भूकंपाच्या पहाटे तुमच्या खोलीची कडी वाकून अडकली होती, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

तर माईक नको. गिटारीच्या पोटावर चिकटवायचा छोटा पिकअप मिळतो, तो घ्या. तो लाकडाची थरथर तेवढी पकडतो, गल्लीत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दार सताड उघडं ठेवून वाजवा खुशाल. त्याची वायर मात्र कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात खुपसू नका, नुसतं घूं-घूं येईल. मधे एक डबी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका गिटारीपुरती साधी डबी घ्या. मोठी घेऊन काय करायचं, तुम्ही काय ऑर्केस्ट्रा काढणार आहात? फक्त तिच्यावर गिटारचं चित्र काढलेलं बटण आहे का ते बघून घ्या. कान पुरते झाकणारा हेडफोन घ्या, स्पीकरचं नंतर बघू. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. आणि हे मला कसं ठाऊक असं बाबांनी विचारलं तर गप्प बसा. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मोबाईलवर बॉटनीच्या नावाखाली मी हेच व्हिडिओ बघत होते.

हे माझं तिसरं साल आहे मामा. पहिल्यांदा मेडिकल थोडक्यात हुकलं, दुसऱ्यांदा मार्क आणखी घसरले. बाबा शाळेत इतकी पोरं शिकवतात, पण माझ्याबाबतीत त्यांचं एकच, हुशार आहे, फक्त घाबरते. आई म्हणते, "माय, एवढं एक साल काढ." मागच्या सालीही हेच म्हणाली होती. अहो, मी घाबरत नाही, मला डॉक्टर व्हायचंच नाही! सकाळी टेस्ट, मग क्लास, मग स्टडी रूम, आणि खाली चॅनेल गेटला कुलूप. खिडकी उघडली की समोर पहिल्या आलेल्यांच्या फोटोंचा बोर्ड. गिटारीच्या तारांनी पडलेले घट्टे जाऊन बोटं मऊ पडलीत, ते बघून रडू येतं.

मध्ये एकदा वह्या आणायला सोडलं, तेव्हा एका दुकानात गिटार हातात घेतली. दुकानदार हसला, ताई, उलटी धरली की! तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं किल्लारीत गेली, म्हणून तुम्ही तारा उलट्या लावून उजव्या हातानं दाबता. मी तुमच्याच मांडीला मांडी लावून शिकले. मला वाटायचं, गिटार अशीच असते. त्या दुकानातल्या सरळ गिटारीवर मला एक धड सूर काढता येईना. माझ्या हाताला बसणारी गिटार एकच, ती नांदेडला तुमच्या घरी आहे.

आणि आता गेल्या आठवड्यातलं सांगते. भरदुपारी हादरा बसला. बारकाच होता, पंखे हलले, बाकं हलली. आम्ही सगळ्या जिन्यानं खाली धावलो तर गेटला कुलूप, चावी मॅडमच्या पर्समध्ये आणि मॅडम बँकेत! झालं काहीच नाही, भिंतीचा टवकाही उडाला नाही. मॅडम येऊन म्हणाल्या, किती घाबरता गं. पण गेटचे गज धरून उभी होते ना, तेव्हा मला तुमची ती वाकलेली कडी दिसत होती. बाबांना सांगितलं तर म्हणाले, हादरा सगळ्यांनाच बसला, तू अभ्यासात लक्ष दे.

मामा, हे पत्र डबीसाठी नाही. मला इथून बाहेर न्यायला आई, बाबा आणि तुम्ही, या तिघांपैकी कुणाही एकाची सही चालते. आईला बाबांपुढं बोलणं जमत नाही. येत्या रविवारी तुम्ही या, सही करा आणि मला नांदेडला घेऊन चला. मी तिथं बी.एस्सी. करीन, इलेक्ट्रॉनिक्स घेईन, खरंच मन लावून करीन. पिकअप आणि डबी अजून आणू नका, आपण दोघं जाऊन घेऊ. तुम्ही बाबांचा शब्द मोडत नाही, मला माहीत आहे. किल्लारीत मदतीला आलेल्या कॉलेजच्या पोरांत ते होते, नुसत्या हातांनी दगड उपसून त्यांनीच तुम्हाला बाहेर काढलं. त्यांच्याशी भांडा असं मी म्हणत नाही. फोन करून एवढंच सांगा, दाजी, तुम्ही मला काढलंत, तसं मी वर्षीला काढलं.

वाट बघणारी, तुमचीच,
वर्षाराणी