न दाबलेलं बटण

वोटे, ३ ऑगस्ट

चि. काविन्यास आजीचे उदंड आशीर्वाद.

रविवारच्या फोनवर आपण दोघी "बरी आहे" म्हणून मोकळ्या होतो, म्हणून शेजारच्या मुसेम्बी मास्तरांना समोर लिहायला बसवून हे सांगते आहे. ते माझ्या शिव्या गाळतात; तेवढ्या तू मनाने घाल. नैरोबीच्या विद्यापीठात तुला खोलीत कोंडतात आणि सॉफ्टवेअर आखताना डोक्यात येईल ते मोठ्याने बोलायला लावतात, असं कळलं. अगं, मी दिवसभर शेळ्यांशी हेच करते. माझं बोलणं कुणी टेप करत नाही. पोटभर जेवतेस ना?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजी

नैरोबी, ९ ऑगस्ट

ती. आजीस सा. न. वि. वि.

शेळ्या तरी ऐकतात. इथे काचेपलीकडे प्रयोग घेणाऱ्या बाई नुसत्या टिपून घेतात. एकच काम दोन रीतींनी आखताना माणूस कसा विचार करतो, हे त्यांना पाहायचं आहे. काम असं: एकट्या म्हाताऱ्या माणसाने रोज सकाळी फोनचं बटण दाबायचं, न दाबलं तर नातेवाइकाला निरोप जाईल. पहिल्या रीतीत आधी कामाचे तुकडे पाडायचे: माणूस, बटण, निरोप, नातेवाईक. मी घडाघडा बोलले. दुसऱ्या रीतीत एक खरं माणूस धरून त्याच्या दिवसामागून चालायचं. मी तुला धरलं. तू उठलीस, चूल पेटवलीस, मक्याचं मुथोकोई शिजत घातलंस, आणि पुढे मला काहीच दिसेना. बाई म्हणाल्या, "बोलत राहा, काविन्या." मी गप्प. गप्प टेप त्यांच्या उपयोगाची नाही. शुक्रवारी आणखी एक संधी आहे, नाहीतर बाईंच्या या कामावरची माझी जागा जाईल आणि मी घरी येईन. तुझी सकाळ कशी असते, खरं सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी काविन्या

वोटे, १३ ऑगस्ट

चि. काविन्यास आशीर्वाद.

उत्तर धाडूच नये, असं वाटलं. नसतं धाडलं तर शनिवारी तू दारात असतीस. असो. चुलीपाशीच चुकलीस बघ. सकाळी मी ती पेटवत नाही. एकटीसाठी धूर कोण खाणार? कालचं गार खाते. मग दाराशी बसते. मास्तरांची बायको पाण्याला जाताना दिसली की मुद्दाम उठते, झाडू हातात घेते. कुणीतरी पाहावं म्हणून. मास्तर आत्ता मान खाली घालून लिहिताहेत. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

आणि तुझं ते बटण मी दाबणार नाही. धडधाकट असतानाही मुद्दाम विसरेन. म्हणजे निरोप तुला येईल, आणि तू घाबरून फोन करशील. हे त्या काचेसमोर मोठ्याने बोल, मध्येच थांबू नकोस. जागा टिकली की डिसेंबरपर्यंत तुझं येणं नाही, हे जाणूनच सांगते आहे.

तिकडून येईल तेवढा लोभ पुरवून वापरीन.
आजी