तिसऱ्या रांगेतला खोकला

बर्नो, १४ सप्टेंबर १९९३

ती. बोग्नाताईस
हाल्श्काचा सा. न. वि. वि.

तुझी धाकटी बहीण धडधाकट आहे, दोन वेळा गरम सूप पिते आहे आणि काचकारखान्यातली नोकरी सोडल्याचा तिला अजून तरी पस्तावा झालेला नाही. एवढं भाऊजींना वाचून दाखव, पुढचं एकटीच वाच. सर्दीने मात्र घसा पुरता धरलाय. तू औषधाच्या दुकानातून दिलेल्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी संपल्या.

‘वाप्नो’ बँडच्या दौऱ्यामागे आम्ही सातजण निघालो आहोत, मिर्काच्या खटारा गाडीतून. मिर्का आमची म्होरकी. पूर्वी बस चालवायची, त्यामुळे गाडी हाकते तशी आम्हालाही हाकते. या खेपेला एक नवा गडी आलाय. तेओफिल नाव, वूचचा, पन्नाशी उलटलेली. पियानो सुरात लावून देण्याचा धंदा. बोलतो कमी, ऐकतो जास्त. कुठल्याही गावात उतरलो की आधी टपाल कचेरी गाठतो आणि सुतळीने बांधलेलं पुडकं वूचला धाडतो. पुडक्यात काय, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, घरचं सामान आहे. घरचं सामान घरी कोण पाठवतं, असं मिर्काचं म्हणणं.

आता खरी गोष्ट. काल दुपारी रिकाम्या सभागृहात वाद्यं जुळवून झाल्यावर विट कालिना एकटाच गिटार घेऊन मंचाच्या कडेला बसला. ऐकायला फक्त आम्ही सातजण. एरवी तो आम्हाला रेकॉर्ड करू देतो, विकायचं तेवढं नाही ही एकच अट. पण काल त्याने यंत्रं बंद करायला सांगितली. गाणं त्याच्या नदीत बुडालेल्या धाकट्या भावावर होतं. आईने अजून ऐकलेलं नाही, आधी तिला ऐकवीन आणि मग जगाला, असं म्हणाला. आमच्यात यंत्रं दोघांकडेच. तेओफिल वर सज्जात बसला होता, मी खाली तिसऱ्या रांगेत.

ताई, मी यंत्र बंद केलं नाही. वर स्कार्फ टाकला. मला या गाण्यांचं वेड तूच लावलंस, मग तुला सोडून मी हे कसं ऐकू? कॅसेट सोबत आहे. ऐक आणि खणात टाक. तुझ्याखेरीज कुणाच्या कानावर पडता कामा नये.

उत्तर बुडापेस्टच्या मोठ्या टपाल कचेरीत माझ्या नावाने टाक. मुलींना पापे. माझ्यावर लोभ आहेच, तो जरासा वाढवलास तरी चालेल.

तुझी
हाल्श्का

*

तार्नूव, २४ सप्टेंबर

चि. हाल्श्कास अ. उ. आ.

पत्र आणि कॅसेट दोन्ही मिळालं. रात्रीच्या भांड्यांकडे पाठ फिरवून तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा भाऊजी आत डोकावले. मी कांद्याचं नाव सांगितलं. जेवणात कांदा नव्हताच, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सतरा वर्षांची तू, माझा ओव्हरकोट घालून पहिल्या कार्यक्रमाला आली होतीस, ते सगळं आठवलं. तेव्हा पुढच्या रांगेत मी असायचे आणि तू माझ्यामागे. असो.

त्या तेओफिलकडे लक्ष ठेव. पन्नाशीचा माणूस पोरांबरोबर गाडीत झोपतो आणि गावोगावी पुडकी धाडतो, हे सरळ नव्हे. मला औषधाच्या दुकानात बारा वर्षं झाली. जे गिऱ्हाईक कमी बोलतं, त्याचीच चिठ्ठी नीट वाचावी लागते.

इकडे सगळं तेच. मुलींना गोवर येऊन गेला. आमच्याकडे घशाच्या गोळ्या न्यायला दर गुरुवारी एक गृहस्थ येतात, सेवेरिन नावाचे. नव्या रेडिओ केंद्रावर बोलतात. त्यांना सगळे बँड तोंडपाठ, पण दुकानातल्या बाईला काय कळतंय असा त्यांचा समज होता. तो मी मोडून काढला.

अंगात गरम कपडे घाल. पत्राला उशीर करू नकोस, माझा जीव टांगणीला लागतो.

तुझी ताई
बोग्ना

*

बुडापेस्ट, ६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे आल्याबरोबर मिळालं. माझ्याकडे मात्र आज नमस्कारापुढे हसून लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

ते गाणं फुटलं. इथे पोलिश बाजार म्हणून एक बाजार भरतो, आपलेच लोक गाड्या भरभरून माल आणतात. तिथे एका फळीवर चोरटी कॅसेट मिळाली. वर विटचा धुरकट फोटो, आत जुनी नऊ गाणी आणि शेवटी ते. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला की पोलंडात रेडिओवरसुद्धा वाजलं, बाई, तुम्ही कुठल्या जगात राहता? विटच्या आईने ते शेजारणीच्या खिडकीतून ऐकलं. मेलेल्या मुलाचं नाव परक्या घरातून ऐकू आल्यावर ती जिन्यातच बसली म्हणे.

विट आता आमच्याकडे बघत नाही. मागचं दार बंद, दुपारी बसणं बंद. त्याने मिर्काला एवढंच सांगितलं की त्या दिवशी सभागृहात तुम्ही सातजण होतात, शोधा.

शोधायचं काय? यंत्र तेओफिलचं. काल तो टपाल कचेरीकडे निघाला तेव्हा मिर्काने पुडकं हातातून ओढून सर्वांदेखत फोडलं. आत चार मळके सदरे, मोजे आणि एक चिठ्ठी: निळ्या सदऱ्याचं दुसरं बटण लावणे. तो बहिणीकडे धुवायला कपडे पाठवतो, ताई. गाडीत सर्वांसमोर चड्ड्या वाळत घालायची त्याला लाज वाटते. कुणीच हसलं नाही. मिर्का म्हणाली, कॅसेट आधीच्या पुडक्यातून गेली असणार. त्याने खाली बसून एकेक मोजा उचलला.

माझ्या यंत्राचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळे धरून चालले आहेत की मी बंद केलं होतं. आणि माझी कॅसेट तुझ्याकडेच आहे, तेव्हा सांगून करायचं काय? खणात आहे ना? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर ल्युब्ल्यानाला पाठव, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

लोभ राहू दे. आज त्याची गरज आहे.

हाल्श्का

*

तार्नूव, ११ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या हाल्श्काबाईस खूप खूप आशीर्वाद आणि त्याहून जास्त पापे.

पत्र वाचून काळजात चर्र झालं. बिचारी विटची आई! पण बघ, मी तुला म्हटलं नव्हतं? हे गप्प बसणारे लोकच असे असतात. मळक्या सदऱ्यांनी भुलू नकोस. ज्याला काही दडवायचं असतं तो वर मळकेच कपडे ठेवतो. इतकं महागाचं यंत्र घेऊन तो सज्जात एकटा का बसला? बहिणीला कपडे धुवायला पाठवणारा माणूस तिच्याकरवी दुसरंही काही करवून घेत असेल. मिर्का अनुभवी आहे, तिला ठरवू दे, तू मध्ये पडू नकोस.

आणि मला कसले प्रश्न विचारतेस गं? मी काय आज ओळखते तुला? आईनंतर तुझ्या वेण्या कुणी घातल्या?

मुलींनी तुझ्यासाठी चित्र काढलंय, सोबत पाठवते. भाऊजींनी प्लमचा मुरंबा केला, चक्क चांगला झाला. शेजारच्या हेलेनाबाईंनी कुत्रा आणलाय, तो रात्रभर भुंकतो, मला झोप नाही. थंडी लवकर पडणार असं दिसतं. तू जाड मोजे घे. संत्री खा. विटला चार दिवस जाऊ देत, कलावंतांचा राग टिकत नाही.

तुझ्यावर जीव टाकणारी
ताई

*

ल्युब्ल्याना, १९ ऑक्टोबर

बोग्ना,

आम्ही तेओफिलला उतरवलं. सरहद्दीच्या अलीकडे, रेल्वे स्टेशन असलेल्या एका हंगेरियन गावात. मिर्काने गाडी थांबवून हात वर करायला सांगितले. पाच हात वर गेले, त्यांत माझाही होता. तो भांडला नाही. बॅग घेतली, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन मिर्काला म्हणाला की डाव्या बाजूचा ब्रेक वाजतोय, डोंगर लागायच्या आत दाखवून घ्या. मग माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणाकडे नाही.

इथे तुझं पत्र मिळालं. चार पानं आहेत. मुरंबा आहे, कुत्रा आहे, मोजे आहेत. खण कुठेच नाही.

ती चार पानं मी दोनदा वाचली आणि मग बाजारातली कॅसेट मागून घेऊन कानाला लावून ऐकली. दुसऱ्या कडव्यात कुणीतरी खोकतं. स्कार्फमध्ये दाबलेला खोकला, पण अगदी यंत्राजवळचा. सज्जातून तो तसा ऐकू आलाच नसता. त्या दिवशी सर्दी एकट्या मलाच होती. मिर्काने हे वीसदा ऐकलंय, तिला कळलं नाही. माणसाला आपला खोकला ओळखता येतो.

कुणाला दिलीस?

पत्ता त्रिएस्तेचा, मोठी टपाल कचेरी. आम्ही तिथे सत्तावीसला पोचतो. कमी लिही आणि खरं लिही.

हाल्श्का

*

तार्नूव, २३ ऑक्टोबर

हाल्श्का,

सेवेरिनला दिली.

विकली नाही, एवढं आधी लिहिते, जरी त्याने काही फरक पडत नाही. त्या गुरुवारी तो म्हणाला की ‘वाप्नो’ आता संपले, विटला गेली दोन वर्षं नवं काही सुचलेलं नाही. मागे रांगेत चार माणसं उभी होती. मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. संध्याकाळी कॅसेट नेऊन दिली, एका रात्रीसाठी. सकाळी त्याने परत आणली तेव्हा फीत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळलेली होती. मी कधी गुंडाळून ठेवत नाही, तुला माहीत आहे. याने नक्कल तर काढली नाही ना, अशी तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी ती खणात टाकून खण लावून घेतला.

रविवारी बटाटे सोलताना रेडिओवर लागलं. भाऊजी म्हणाले, बरं आहे गाणं. तुला खरं हवंय तर ऐक: एक क्षणभर मला अभिमान वाटला. हे माझ्यामुळे वाजतंय असं वाटलं. मग हातातले बटाटे तसेच टाकून उठले. मी सेवेरिनकडे गेले. तो म्हणाला की लोकांचं गाणं लोकांना दिलं, तुम्ही का घाबरता? त्याच्याकडून ते बाजारात कसं गेलं ते तो सांगत नाही. आता गोळ्या दुसऱ्या दुकानातून नेतो.

तू मला खणाचं विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी मी तेओफिलवर दीड पान लिहिलं. ज्या माणसाला मी पाहिलेलंही नाही, त्याच्या सदऱ्यांवरून बोलले. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. तू त्या गाडीत आहेस आणि मी इथे चिठ्ठ्या वाचत उभी आहे, हे मला गेली तीन वर्षं खुपतंय. तू परत यावीस असं वाटायचं. कशीही, तोंड उतरवून का होईना. हे लिहायचं नव्हतं, पण तू खरं मागितलंस.

माझं नाव सर्वांना सांग. मी नाकारणार नाही.

बोग्ना

*

वूच, ४ नोव्हेंबर

ताई,

त्रिएस्तेला तुझं पत्र टपाल कचेरीच्या पायरीवर बसून वाचलं आणि तशीच गाडीकडे गेले. तुझं नाव सांगितलं, पण आधी माझं. बंद करायला सांगितलेलं यंत्र चालू कुणी ठेवलं, तिथूनच सुरुवात केली. मिर्का ओरडेल असं वाटलं होतं. तिने माझी झोपायची पिशवी बाहेर काढली, नीट घडी करून फूटपाथवर ठेवली आणि म्हणाली की तिने आयुष्यात एकाच माणसाला अर्ध्या वाटेत उतरवलं, आणि त्यासाठी हात वर करताना मी तिच्या शेजारी बसले होते.

विटला मागच्या दाराशी गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की चोराने नेलं असतं तर बरं झालं असतं, चोराला मी ओळखत नसतो. दार हळूच लावून घेतलं. ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिथून दोन दिवसांचा प्रवास करून इथे आले. दार तेओफिलच्या बहिणीने उघडलं, कोर्नेलियाबाईंनी. मी कोण ते कळल्यावर त्या बाजूला झाल्या, पण या म्हणाल्या नाहीत. तेओफिल आत एका जुन्या पियानोचं पोट उघडून बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, मला बर्नोपासून ठाऊक आहे. सज्जातून त्याला माझ्या स्कार्फमधून यंत्राचा लाल दिवा दिसला होता. त्याचं स्वतःचं यंत्र बंद होतं, विटने सांगितल्याबरोबर त्याने ते बंद केलं होतं.

मग बोलला का नाहीस, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला की सदरे उघडे पडल्यावर मी तुझं नाव घेतलं असतं, तर म्हातारा कातडी वाचवायला पोरीवर ढकलतो, असंच सगळे म्हणाले असते. आणि दुसरं म्हणजे, त्याला खात्री होती की मी बोलेन. बुडापेस्टला वाटलं, आज बोलेल. सरहद्दीपर्यंत वाटत होतं. माझा हात वर गेला तेव्हा वाटायचं थांबलं.

मी क्षमा मागितली. त्याने ती दिली नाही. देईन असंही म्हणाला नाही. कोर्नेलियाबाईंनी चहा आणून ठेवला, तो मी प्यायले, कारण नको म्हणायला तोंड नव्हतं. मिर्काने त्याला बोलोन्याच्या कार्यक्रमाला बोलावणारी तार केली आहे. तो जाणार नाही. दोन शाळांचे पियानो थंडीच्या आत लावायचे आहेत म्हणतो.

तुझं पत्र मी फाडलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तो राग अजून आहे. पण या दारात उभी असताना कळलं की तू ज्या माणसाला पाहिलं नव्हतंस त्याच्यावर खापर फोडलंस, आणि मी त्याच्या शेजारी सहा आठवडे जेवून तेच केलं. कोण जास्त, हे ठरवायला मला कुणी नेमलेलं नाही.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मी मंगळवारी चारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस. भाऊजींना, मुलींना काही सांगितलं नसशील तर मी यायच्या आत सांगून टाक, मला त्यांच्यासमोर नाटक जमणार नाही. आणि घंटा वाजली की मुलींना पाठवू नकोस. दार तू उघड. मी काय बोलेन ते मला अजून ठाऊक नाही, पण आल्या पावली परत फिरणार नाही.

हाल्श्का