रिकामं नाक

पोळा, संध्याकाळ. अल्लीपूर.

तोरण तुटलं, बैल घरी आले, पुरणपोळ्याही झाल्या. डोक्यातून सकाळ मात्र जात नाही.

धाकट्या दिरांनी सर्जाच्या नाकातली जुनी वेसण कापली. नवी ओवायची सोडून माझ्या नंदाला पुण्यात लागलेल्या नोकरीवरच घसरले. "वहिनी, पोरीले आवरा. तुमीच लगाम सैल सोडला. धाक नाई, दाब नाई, मंग पोरगी हातची जाईन." किती शब्द आहेत यांच्याकडे! नंदाचे बाबा गेल्यापासून मलाही याच शब्दांनी बांधून ठेवलं का? असेल. मी तरी कुठे सोडवून घेतलं.

तेवढा सगळा वेळ सर्जा रिकाम्या नाकाने उभा होता. गळ्यात दावं नाही, गोठ्याचं फाटक उघडं. हलला नाही. दीर नवी वेसण घेऊन वळले, तर त्यानेच नाक पुढे केलं.

"पाहा, किती गुणाचा हाय," दीर म्हणाले.

नंदा दारातून पाहत होती. ते रिकामं नाक तिलाही दिसलंच असणार.

आत्ता भांडी घासताना तिला म्हटलं, "उद्याच्या गाडीनं निघजो. कोणाले इचारू नको. मलेबी नको."