खांद्यावर राहिलेला हात

७ जुलै
आठवीला आज फोटोची नवी वेबसाइट दाखवली. घरचा फोटो चढवायचा, नको ते पुसायचं, माइक दाबून त्यावर मिनिटभर इंग्रजीत बोलायचं. फोटो आणि आवाज मिळून एक लिंक होते. एरवी मुलं तोंड उघडत नाहीत, फोटो समोर असला की बोलतात. मी सांगितलं, ज्याच्याबद्दल बोलता येणार नाही ते पुसून टाका. माणसं कमी, वाक्यं सोपी. लिंक आपोआप पालकांच्या ग्रुपवर जाईल अशी सोय करून ठेवली. स्वतःवर खूश.

११ जुलै
श्रावणी. यंदाच आसगावहून वरठीला आलेली, वडील कारखान्यात. उच्चार स्वच्छ, भीती नाही. भंडाऱ्याला फोटोवर इंग्रजी बोलायची स्पर्धा आहे, तिथे हिलाच न्यायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "म्याडम, पहिल्याच वर्षी बक्षीस आणता का काय?" हसले मी. पण मला हवंय ते. इथे तरी खरं लिहावं.
जेवणाच्या रांगेत ती सगळ्यात शेवटी. खिचडी वाढणाऱ्या कुसुमकाकू तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. बाकीच्यांशी केवढं बोलतात: "काहून रे, काल कोठी होता? तुही खिचडी कुत्र्याले टाकली मी." वाटलं, त्यांना ही पोर आवडत नसावी.

१८ जुलै
श्रा.चा फोटो पडद्यावर. वडील, लहान भाऊ, ती. मागे धानाची बांधी, भाताचं शेत. कडेचं कोणीतरी पुसलेलं, पण तिच्या खांद्यावर एक हात राहून गेला होता. मनगटापर्यंत. हिरव्या बांगड्या. पोरं ओरडली, "म्याडम, भूत हाये!" मी हसतच इंग्रजीत विचारलं, हा हात कोणाचा? म्हणाली, "नोबडी." पूर्ण वाक्यात सांग, मी म्हटलं. तिने सांगितलं. हा हात कोणाचाच नाही, म्याडम. स्वच्छ, बिनचूक.
"व्हेरी गुड," मी म्हटलं. माइक चालू होता.
कुसुमकाकू दारात. जेवायला बोलवायला आलेल्या. बाकीची मुलं गेली तरी पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच, "म्याडम, तो माहा हात हाये. माही पोरगी काय म्हनली इंग्लिसमंदी?"
तेव्हा कळलं मला. श्रा. दप्तर भरत होती, ती थांबली.
मी म्हटलं, "आईचा हात आहे, म्हणाली."
काकू लाजल्या. पदर तोंडाला लावला. श्रा.ने माझ्याकडे बघितलं. इतक्या तुच्छतेने आजवर कोणी बघितलं नव्हतं.

२१ जुलै
लिंक शुक्रवारीच ग्रुपवर गेली होती. मीच केलेली सोय. विसरले होते. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने काकूंना सगळा अर्थ सांगितला, माझ्या शाबासकीसकट.
काकू खिचडीचा मोठा गंज घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुमी खोटं काहून बोलल्या? पोरीनं तं खरं सांगतलं. शाळेत मले काकू म्हन, हे मीनंच शिकवलं तिले. खिचडीवालीची पोरगी म्हनून पोट्टे चिडवतीन, म्हून. तुमी कायले माह्यावर दया केली?"
मी उभीच. "सरका, पानी उडन," म्हणाल्या.

२४ जुलै
श्रा.ला बाजूला घेतलं. आईची माफी माग म्हटलं.
"कायची माफी? तुमीच तं म्हनल्या होत्या पुसा म्हनून. मले नीट पुसता नाही आलं, येवढंच."
मग वर्गाकडे वळता वळता, "स्पर्धेले मीच हावो ना?"
हो म्हणायला मला क्षणही लागला नाही.

२८ जुलै
काकूंनी काम सोडलं. मु.अ.ना कंबर दुखते म्हणून सांगितलं. मला फाटकाशी गाठून स्पर्धेचं संमतिपत्र दिलं. सही वेडीवाकडी, पण पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. "आता शाळेत ना काकू हाये, ना आई. बोलू द्या तिले मोकळं."
कुठे जाणार कामाला, विचारलं. धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत म्हणाल्या, वाकायले कोनी नाही म्हनत नाही.
दुखणारी कंबर.

३१ जुलै
स्पर्धा उद्या. श्रा.ने फोटो नवा करून आणला. खांदा आता स्वच्छ, हात नाही, सावलीसुद्धा नाही. मी मदत केली नव्हती. चांगला झालाय, असं मात्र वाटलं.
मिनिटभर अस्खलित बोलली. परीक्षक शेवटी प्रश्न विचारतात, म्हणून तोही सराव. आवडता विषय विचारला, गाव विचारलं, उत्तरं तयार. मग मी विचारलं, फोटोत आई दिसत नाही, ती कुठे आहे?
पडद्यावरचे सेकंद चालत राहिले. मराठीत म्हणाली, "काय सांगू, म्याडम?"
उद्या हाच प्रश्न येणार.
मी पुढचा विचारला.