चंद्रीचा कान धरून

राजमान्य विश्रामपाव्हणं, मुक्काम महाळुंगे, मजला सातवा,

भुकूमहून म्हसूचा दोन्ही हात जोडून रामराम. हितं माणसं आणि शेरडं समदी खुशाल. तुमची साखर आणि इहीणबाईंचा गुडघा ताब्यात असंल असं धरून चालतो. फोन असताना चिठ्ठी कशाला, असं म्हणाल. तर फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई, म्हणून सिद्धनाथाच्या दुधाच्या गाडीवर ही चिठ्ठी चढवतोय. चिठ्ठीला मधीच तोडता येत न्हाई.

काल तुमी म्हणालात, नात चालतीया म्हणून म्हसू साऱ्या गावात सांगत फिरला, पण दिवाळीला आजोळी आल्यापासनं पोर उभीसुद्धा राहत न्हाई, तिची आई उज्वला रडतीया, सोमवारी मोठ्या डॉक्टरला दाखवतो. पाव्हणं, काळजाला लागलं. माझी वैभवी चालती. बिरोबाची आण, चालती! फकस्त एक बारीक गोष्ट सांगायची राहून गेली. ती शेळीला धरून चालती.

शेळी म्हंजी चंद्री. व्हय, तीच. बारशाला तुमी पाळण्यात वाकला आणि मागनं जिनं तुमाला शिंगांचा परसाद दिला, ती. (त्या दिवशी मी हसलो न्हाई, मला ठसका लागला होता.) लई आडदांड जात. पण रांगता रांगता पोरीनं एक दिवस तिच्या दाढीलाच हात घातला. मला वाटलं, आता झालं! तर पोरीनं दाढी सोडून कान धरला आणि कानाच्या जोरावर उठून उभी! आणि ही बया, जिनं आजवर माझं बी ऐकलं न्हाई, ती पाय रोवून खांबासारखी गप. मग पोरीचं एक पाऊल, शेळीचं एक पाऊल. पोर बसली की शेळी थांबायची. सारा जन्म शेरडं राखण्यात गेला पाव्हणं, पण असलं कवतिक बघितलं न्हाई.

बोलण्याचं म्हणाल, तर पोर दिवसभर "चल, चल" करती म्हणून तुमी तिला लिफ्टनं वर-खाली फिरवताय. अवं, ती फिरायला मागत न्हाई! शेरडं सोडताना मी "चल" म्हणतो, तो शब्द तिनं उचलला. आधी नुसतं बाबा-मामा चालायचं, कुणाला म्हणती ते तिचं तिलाच ठावं. हा मात्र कामाचा शब्द. तिनं चल म्हटलं की चंद्री येती. (तुमी हाक मारल्यावर इहीणबाई येतात का, आठवून बघा.) आता तिथं पोर चंद्रीला बोलावती आणि म्होरं येतो तो तुमचा चाकाचा वॉकर. रुसणार न्हाई तर काय करंल?

शेळीची सवय मोडावी म्हणून मी बी कमी खटपट केली न्हाई. घोंगडं पांघरून सोता रांगलो. पोरीनं माझी मिशी धरली, उठली, थोडी चालली बी! मिशी निम्मी गेली, पण डोळ्यांत पाणी आलं ते कवतिकानं. चंद्रीला मात्र ते खपलं न्हाई. ती मागनं आली. समोरच्या नव्या सोसायटीतल्या बाया गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तवा डॉक्टरला जरूर दाखवा, उज्वलाच्या जिवाला तेवढंच बरं. पण पोरीत खोट हाय असं त्या पोरीसमोर बोलू नका. तिला समदं कळतंय.

तुमचा,
म्हसू

ता.क. खरं काम हे, की रविवारी सिद्धनाथ चंद्रीला टेम्पोतनं तुमच्याकडं आणतोय. गॅलरीत बांधा. सुबाभळीचा पाला बरोबर देतो. तुमी तेवढी तिच्याकडं पाठ करू नका.

ता.क. दुसरं. चिठ्ठी पाकिटात घालतोय तोवर उज्वलाचा व्हिडिओ आला. पाव्हणं, पोर चालली! शेळी न्हाई, भिंत न्हाई, तुमच्या सोफ्यापासनं पार इहीणबाईंच्या मांडीपतुर! चंद्रीला बी दाखवला, तिनं फोन चाटला. मी गोठ्यात बसून रडलो, कुणाला सांगू नका.

ता.क. तिसरं. व्हिडिओत शेवटी पोर फोनकडं बघून "चल" म्हणाली. ते शेळीला न्हाई, मलाच. आता चंद्रीला आणायचं कारण उरलं न्हाई, पण टेम्पो सांगून ठेवलाय, मोकळा कशाला धाडायचा? मीच येतो. गॅलरीत झोपीन. मला पाला लागत न्हाई, च्या पुरे. आणि माझ्याकडं पाठ केली तरी चालंल.