मावशीची किंमत

दि. १४ मार्च, सोमवार
सकाळचे साडेसात

चि. ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते मोजून पाठवायची सवय मला नाही. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना तेवढा कुरकुरतो. आत्याकडचा तो पंखा अजून घरघरतो का? त्याला तेलाचा एक थेंब पुरेल, पण आतल्या बाजूनं, बाहेरून नको. बाहेरून घातलं की नुसतं भिंतीवर उडतं.

आधी एक यादी लिहितो. कारण पुढे येईल.

मी माझ्या हातानं केलेल्या गोष्टी: सहा खणांचा तबेला. त्याची दारं, वरची सहा आणि खालची सहा. चाऱ्याचा माळा. रिंगणाचं कुंपण, दोनशे दहा मीटर, त्यात एकही खांब वाकडा नाही. खोगिरं ठेवायच्या नऊ खुंट्या. तुला घोड्यावर चढायला केलेलं तीन पायऱ्यांचं स्टूल, त्याची तिसरी पायरी तू सात वर्षांची झाल्यावर कापली. अडथळ्याचे आडवे दांडे, अठ्ठावीस. ते दांडे ज्यांवर टेकतात त्या उभ्या खांबांच्या अकरा जोड्या, दर पाच सेंटीमीटरवर एक भोक, भोकाशेजारी पांढऱ्या रंगात उंचीचा आकडा. आणि मावशी.

घोडी हातानं केली असं म्हणता येत नाही, हे मला कळतं. पण तिला आईच्या पोटातून ओढून काढली ती याच हातांनी, आणि डॉक्टर पोचेपर्यंत ती उभीसुद्धा राहिली होती. नाव तू ठेवलंस. जन्मल्या जन्मल्या तिनं आपल्या तिघांकडे असं बघितलं की जणू पाहुणी आली आणि कुणी बसायला खुर्ची दिली नाही. आता पाच वर्षांची झाली, बघणं तेच आहे.

आणि हे सगळं मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. दारांच्या कारखान्यात सतरा वर्षं रंधा मारला, आणि घोडा शिकलो तो पुस्तकातून आणि दुसऱ्यांच्या कुंपणाबाहेर उभं राहून. हे तुला पाठ आहे, माहीत आहे मला.

तुझी आई आत्ताच मागून वाचून गेली. म्हणाली, "अहो, पोरीला पत्र लिहिताय की कोटेशन देताय?" मी हातानं कागद झाकला. ती म्हणाली, "झाका झाका. पाच महिन्यांत फोनवर एक शब्द बोलला नाहीत, कागदावर तरी बोला."

मावशी दार लाथाडतेय. बघून येतो.

*

काही नव्हतं. बादली रिकामी होती. नऊ वाजले.

तर बातमी. शनिवारी मावशीला गिऱ्हाईक आलं होतं. तू आईला फोनवर सांगितलंस ना, आता तू खोगिरावर बसणार नाहीस, तुझ्यात ते नाहीच, मावशीला चांगल्या घरी देऊन टाका म्हणून. मग मी जाहिरात दिली. जन्मनोंदीपासून कागदावर मालकीण तूच आहेस, म्हणून सोबत विक्रीचा फॉर्म जोडला आहे. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली आहे.

किंमत ठरवायला मला अकरा दिवस लागले. म्हातारा घोडा विकणं सोपं, त्यानं काय केलं ते कागदावर असतं. मावशीच्या नावावर फक्त दोन शो. दोन्ही एक मीटर दहाचे, दोन्हींत एकही दांडा पडला नाही. एवढ्यावर कुणी किती पैसे देईल? पण तिची उडी बघितलेली. पुढचे गुडघे हनुवटीला लागतात आणि पाठ अशी वळते की आपण श्वास घ्यायचं विसरतो. आता ती उडी चार वर्षांनी कुठे पोचेल, याची किंमत आज मागायची. कमी मागितली तर गिऱ्हाईक विचारतं, हिच्यात खोट काय? जास्त मागितली तर विचारतं, हिनं केलंय काय? शेवटी नऊ लाख लिहिलं. आई म्हणाली, दहा लिहा, लोक एक तोडतात. मी म्हटलं, माझी किंमत ही मोजलेली किंमत आहे.

तुला आठवतं, दुसऱ्या शोनंतर तू काय म्हणाली होतीस? टोपी काढत हसत म्हणालीस, "बाबा, इथले अडथळे घरच्यापेक्षा छोटे दिसतात." आणि मी म्हणालो होतो, याला तयारी म्हणतात.

हे वाक्य मी शनिवारपासून किती वेळा आठवलं ते सांगत नाही.

*

पुन्हा बसलो. सव्वा अकरा. मध्ये कुंपणाला उगाच एक खिळा मारून आलो.

गिऱ्हाईक म्हणजे एक कारखानदार, मुलासाठी घोडी बघत होता. बरोबर त्यांची प्रशिक्षक बाई. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, बोलणं तोडून तोडून. कारखानदार बूट वाळूत रुतवून फोनवर बोलत राहिला, बाई मात्र तबेल्याच्या प्रत्येक दाराची कडी उघडून बघत होती. मला ती आवडली. कडी वाजत नाही हे तिच्या लक्षात आलं. "कुणी केल्या?" म्हणाली. मी म्हटलं, मीच.

मावशीवर बसायला मी रायडिंग स्कूलचा मास्तर तासावर आणला होता. बरा बसतो. मावशीनं त्याच्याकडे दोनदा वळून बघितलं, मग सोसलं. मी अडथळा एक-दहाच्या खुणेवर लावला. तीन उड्या झाल्या, तिन्ही स्वच्छ. बाईनं हात वर केला.

"हा एक-दहा नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "खुणेवर आहे."

"खूण कुणाची?"

"माझी. भोकं मी पाडलीत."

"ते कळलं हो. मी सगळीकडे मोजते, मनाला लावून घेऊ नका." खिशातून स्टीलची टेप काढली, दांड्याखाली गेली आणि वाचलं. एक मीटर अठरा.

मी म्हटलं, तुमची टेप ताणली आहे. ठकू, स्टीलची टेप ताणली आहे असं मी म्हणालो! मी, ज्यानं सतरा वर्षं दारं बसवली. मग आत गेलो आणि माझी लाकडी मोजकाठी घेऊन आलो. तीसुद्धा मीच केलेली, पण ती खोटं बोलली नाही. एक अठरा.

ते कसं झालं, सांगतो. दोन वर्षांपूर्वी ओलीनं खांबांचे पाय कुजले होते. जुन्या पायांमध्ये खांब दोन फळ्यांच्या मधून थेट जमिनीला टेकायचा. नवे पाय करताना मी जाड लाकूड घेतलं, आणि मजबूत व्हावं म्हणून खांब त्याच्या वर बसवला. लाकूड आठ सेंटीमीटरचं. म्हणजे अकराच्या अकरा जोड्या आठ सेंटीमीटर वर गेल्या, आणि पांढरे आकडे होते तिथेच राहिले. सगळ्या एकदमच वाढल्या, म्हणून डोळ्याला काहीच वाकडं दिसलं नाही. मी रंग दोनदा नवा दिला. मोजलं एकदाही नाही. स्वतः केलेलं कोण मोजतं?

बाईनं विचारलं, "जाहिरातीत लिहिलंय, मुलगी पडली होती. कुठल्या अडथळ्यावर?"

ते मी लिहिलं होतं. लपवलं नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं मांड.

मी तिसरी जोडी दाखवली. निळी. त्या दिवसानंतर तिचा दांडा मी हलवला नव्हता, खुणेप्रमाणे एक-वीस. बाई गेली, टेप लावली, वाचली, आणि आकड्यावर अंगठा ठेवून टेप माझ्याकडे वळवली. टेप आत सरकवली. तो आवाज अजून कानात आहे.

एक मीटर अठ्ठावीस. पाच वर्षांच्या घोडीला, दोन शो झालेल्या. आणि वर तू.

*

दुपार. जेवलो नाही. आई म्हणते ताट झाकून ठेवलंय.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

त्या सकाळी तू मला तीन वेळा सांगितलंस. पहिल्यांदा लांबून, "बाबा, मोठा वाटतोय." दुसऱ्यांदा घोडी फिरवून माझ्याजवळ आणलीस आणि म्हणालीस, "एकदा बघा ना." मी जागचा हललो नाही. तिसऱ्यांदा तू विचारलंस, "नक्की एक-वीस?" मी म्हणालो, "खुणेवर आहे. खूण मी केली आहे. तू पाय आवळ."

तू पाय आवळलेस. मी बघत होतो. मावशीनं जिथून उडी घ्यायला हवी तिथूनच घेतली, एक-वीससाठी. आठ सेंटीमीटर कमी पडली. गुडघे दांड्यात अडकले. तू मानेवरून गेलीस, मनगट आणि खांद्याचं हाड, दोन्ही.

आणि हॉस्पिटलमध्ये, तुला प्लॅस्टर घालून होत नाही तोवर, मी म्हणालो, "घोडी उडत होती. तूच मागे राहिलीस. तुझी भीती लगामातून तिच्यापर्यंत पोचली." आई मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. तरी दारातून मी पुन्हा म्हणालो, पाय ढिले होते.

पाय ढिले नव्हते. मी बघितलं होतं की नव्हते. मला तेव्हा दुसरं कारण सापडत नव्हतं, आणि कारण माझ्यात असू शकतं हे माझ्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. म्हणून तुझ्यात ठेवलं.

तू मागे राहिली नव्हतीस. दीड वर्ष तू त्या घोडीवर प्रत्येक अडथळा खुणेपेक्षा आठनं जास्त उडवलास आणि तुला वाटत राहिलं की आपल्याला जड जातंय. भीती बरोबर सांगत होती. चष्म्याच्या दुकानात तू लोकांचे नंबर लिहितेस, आई सांगते, आणि म्हणतेस की हेच बरं, इथे चूक झाली तर कुणी पडत नाही. ते काम तुला आवडत असेल तर कर. जोरात कर. पण माझ्या त्या वाक्यामुळे करत असशील तर नको. ते वाक्य चुकीचं होतं. मोजून सांगतो.

अजून एक आहे. रविवारी सकाळी करवत घेऊन रिंगणात गेलो. खांबच खालून आठ सेंटीमीटर कापून पुन्हा पायांवर बसवायचे आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. दोन जोड्या कापल्या. सफाईनं कापल्या. आई चहा घेऊन आली, भुशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे पुरावे पुरताय की काय?" म्हणाली. मी म्हटलं, दुरुस्ती करतोय. ती म्हणाली, "मग पोरीला कळवून करा. डॉक्टरांनी तिचं हाड दुरुस्त केलं, तेसुद्धा तिला विचारूनच." कप कुंपणावर ठेवून गेली. निळ्या जोडीला मी करवत लावू शकलो नाही. ती तशीच आहे, आठ सेंटीमीटरसकट. तुला टेप लावून बघायची असेल तर ये. नाही आलीस तरी मी ती कापणार नाही.

*

तीन वाजले. पोस्टाची पेटी साडेचारला उघडतात.

शनिवारचं राहिलं. बाईनं कारखानदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं फोन खिशात घातला, हे त्या दिवसात पहिल्यांदा. आल्यापासून तो सातच्या वर यायला तयार नव्हता. आता म्हणाला, "ठीक, तुमचे नऊ. गाडी संध्याकाळी पाठवतो."

मी म्हटलं, "मुलीला विचारल्याशिवाय नाही."

त्याला वाटलं मी भाव खातोय. "अकरा," म्हणाला.

"मुलीला विचारायचं आहे."

तो बाईकडे बघून हसला. "मुरलेला व्यापारी आहे हा माणूस!" आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी व्यापारी म्हणालं, आणि तेही मी काहीच विकत नसताना. मी म्हटलं, साहेब, खरंच भाव करत नाही. ती घोडी माझी नाही. तिच्याकडून ही उंची ज्या मुलीनं उडवून घेतली तिला अजून माहीत नाही की तिनं काय केलंय. आधी तिला कळू दे.

बाई गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ आली. "मुलगी पुन्हा बसली तर मला फोन करा. घोडीसाठी नाही," म्हणाली. तिचा नंबर फॉर्मच्या मागे लिहिला आहे.

फॉर्मवर सही कर किंवा फाडून टाक, दोन्हींत मला विचारू नकोस. विकायची ठरवलीस तर किंमत तू सांग, मी एक शब्द बोलणार नाही. नाही विकलीस तर मावशी इथेच आहे. रोज अकराला दाराशी येऊन रस्त्याकडे बघते, आणि मी दिसलो की खुर्ची न मिळाल्यासारखं तोंड करते.

फोन केलास तर या वेळी मीच उचलेन. आईला सांगून ठेवलंय.

आणि मालकीण तू आहेस, म्हणून तुझ्या नावावर मी काय नाकारलं ते तुला माहीत असायला हवं. गाडीचं दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर ठेवून, कारखानदारानं शेवटचा आकडा सांगितला. आपल्या तबेल्याचं छप्पर, आईचा गुडघा आणि पुढची पाच वर्षं त्यात बसली असती. साडेचौदा लाख. रोख, त्याच दिवशी. मी नाही म्हणालो.

तुझा चुकलेला,
बाबा