उशीतली पावलं

माय,

तांब्याच्या बुडानं मिठाचा खडा ठेचून तू भाकरीवर पसरायचीस. कामरगावचा आपला भाजीचा मळा, मेथीचे वाफे, आणि मी शाळेतली नवी कविता चालीवर म्हणतो आहे. तू खाता खाता मान डोलावतेस, वरून आणखी चिमूटभर मीठ घेतेस.

उशीवर डोकं टेकलं की मात्र तुझा चेहरा उतरायचा. "कान लाव बरं. उशीत कोनी चालून राह्यलं." मी कान लावायचो, मला काही ऐकू यायचं नाही. शेजारच्या काकूनं बाहेरची बाधा ठरवली. मग तुझ्यावरून मीठ ओवाळणं आणि झोपताना मीठ कालवलेलं पाणी, असा उपाय सुरू झाला. तू ते डोळे मिटून प्यायचीस. एका पहाटे तू उठलीच नाहीस.

तुझ्यापेक्षा किती म्हातारा झालो मी आता. मागच्या हिवाळ्यात मलाही ऐकू आलं. डावा कान टेकला की थप, थप, ओल्या मातीत अनवाणी चालल्यासारखं. आधी भ्यालो. मग चाल ओळखीची वाटली. टोपली डोक्यावर घेऊन वाफ्यातून तू अशीच, माझ्या कवितेच्या ठेक्यावर चालायचीस.

कारंजा गावच्या डॉक्टरनं एक दिवस-रात्र दंडाला पट्टा बांधून ठेवला. तो आपोआप फुगायचा, कुणीतरी दंड धरल्यासारखा. डॉक्टर म्हणाला, झोपेत रक्ताचा दाब उतरायला पाहिजे. मीठ फार झालं की ते बाहेर टाकायला शरीर रात्रभर राबतं, दाब उतरत नाही, आणि त्यात जिवाला धोका असतो. "आजोबा, तुमी झोपता, तुमचं रक्त झोपत नाही. ते चालणं तुमचंच आहे." तुझा तो खारट पाण्याचा तांब्या तेव्हा डोळ्यांपुढे आला. घरी येऊन मी मनगटावर बोट ठेवलं. नाडी आणि पावलं जुळत नव्हती. हे डॉक्टरला सांगितलं नाही.

सून अळणी रांधायला लागली, स्वतःही तेच खाते. मी तोंड वाकडं केलं की म्हणते, "मामाजी, चवीचं पायजे असन त फोटोत जाऊन बसा, तिथं नैवेद्य भेटते." दाब उतरला, डॉक्टर खूश झाला. पावलं आधी धुऱ्यापर्यंत, मळ्याच्या बांधापर्यंत लांब गेली, मग गेलीच. मला गाढ झोप लागते आता, असं सगळे म्हणतात. मी तर जागाच असतो, ऐकत.

हे पान पाठवायचं कुठे? कपाटातल्या धोतराखाली ठेवतो. रागावू नको. सून माहेरी गेली आहे, आणि दोन दिवस मी मिठाच्या बरणीत हात घालतो आहे. आज दुपारी आडवा झालो, तर तू लगेच आलीस. इतक्या जवळ कधी आली नव्हतीस. अंगाला घाम सुटला, पण मी कूस बदलली नाही.